डोळ्यांचे दप्तर : तंजावर ते नांदेड

१/ #धागा
नागपूरच्या महालात वाढलेल्या माणसाला 'भोसले' आणि 'दप्तर' हे दोन्ही शब्द नवे नाहीत. आज मात्र दुसऱ्या एका भोसले घराण्याच्या दप्तराविषयी लिहितो आहे. त्या दप्तरात सनदा आणि तहनामे यांच्या जोडीला रुग्णांचे डोळेही आहेत. तिथून आजच्या एका प्रश्नाकडे जायचे आहे: वैद्यकीय संशोधनासाठी भारताने आपल्या लोकांच्या डोळ्यांच्या छायाचित्रांचा राष्ट्रीय संग्रह उभारायचा झाला, तर तो कसा असावा?

२/ तंजावरचे भोसले हे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे वंशज. नागपूरकर भोसले हिंगणीकर शाखेचे. तंजावरचे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहाने राज्यकारभार त्यांच्या हातून गेला; किल्ला आणि त्याचा परिसर तेवढा उरला. १८१७ मध्ये नागपूरकर सीताबर्डीवर इंग्रजांशी लढत होते. राज्य आधीच गमावलेले सरफोजी त्या काळात ग्रंथ, यंत्रे आणि औषधे जमवीत होते.

३/ सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्यामुळेच समृद्ध झाले. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदत. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी इंग्रजीत लिहिलेल्या आहेत: कोणाला काय त्रास होता, कोणता उपचार केला, पुढे काय झाले. सोबत रोगट डोळ्यांची चित्रे. महाराज स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करीत असे मानले जाते. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांचे लक्ष या कागदांकडे गेले आणि त्यांची नव्याने चर्चा सुरू झाली.

४/ याच सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजांचा इतिहास दगडावर जातो, हे आपल्या सवयीचे आहे. सामान्य रुग्णाचा डोळा दप्तरात जपला जातो, हे विरळा. आणि तिथे चित्राला नोंद जोडलेली आहे, हे त्याहून महत्त्वाचे. नुसते चित्र मुके असते. नोंद जोडली की ते साधन होते.

५/ पण तंजावरच्या चितार्‍याला एक मर्यादा होती. त्याला डोळ्याचा फक्त दर्शनी भाग दिसे. बाहुलीच्या आड, मागच्या पडद्यावर काय चालले आहे हे जिवंत माणसात पाहण्याची सोय जगातच नव्हती. ती जर्मनीच्या हर्मान फॉन हेल्महोल्ट्झने केली. त्याच्या नेत्रदर्शकाची माहिती १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर सरफोजींच्या निधनाला १९ वर्षे लोटली होती.

६/ पुढची काही दशके डॉक्टर नेत्रदर्शकातून पाहत आणि हाताने चित्र काढीत. १८८६ मध्ये इंग्लंडात जॅकमन आणि वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी रुग्णाला सुमारे अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला. १९२६ मध्ये झाइस कंपनीचा नॉर्डेन्सन कॅमेरा बाजारात आला आणि असे छायाचित्र हळूहळू दवाखान्यातले नेहमीचे काम होऊ लागले.

७/ या छायाचित्राचे एवढे महत्त्व का? मधुमेह दृष्टिपटलातील बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो. आधी सूक्ष्म फुगवटे येतात, मग रक्ताचे ठिपके, मग चरबीचे पिवळट डाग. रुग्णाला मात्र बराच काळ सगळे स्वच्छ दिसत असते. दृष्टी अधू होते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्या सर्वांचे डोळे दरवर्षी तपासायचे, तर तेवढे नेत्रतज्ज्ञ आणायचे कोठून?

८/ इंग्लंडने २००३ पासून मधुमेह्यांच्या डोळ्यांची वार्षिक छायाचित्र-तपासणी सुरू केली. २००९-१० पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधील कामकरी वयाच्या लोकांत मधुमेहजन्य नेत्रविकार हे अंधत्वाचे पहिले कारण उरले नाही; पन्नास वर्षांत हे प्रथमच घडले. त्यात या तपासणीचा वाटा असावा, असे अभ्यासकांनी म्हटले आहे.

९/ छायाचित्रे वाचण्याचे काम यंत्राला शिकवता येईल का? गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचे दमदार उत्तर दिले. त्यांचे यंत्र १,२८,१७५ छायाचित्रांवर शिकले होते. ती अमेरिकेतून आणि भारतातील तीन नेत्ररुग्णालयांतून आली होती. प्रत्येक छायाचित्राची प्रतवारी ५४ डॉक्टरांच्या गटातील तीन ते सात जणांनी केली; हे डॉक्टर अमेरिकेतले होते. म्हणजे डोळे काही अंशी आपले, वाचणारे तिकडचे आणि यंत्राची मालकीही तिकडचीच.

१०/ आता नांदेडला येऊ. तिथल्या एका नेत्रचिकित्सालयात जमलेल्या हजारो तपासण्यांमधून ५१६ छायाचित्रे निवडून प्रसन्न पोरवाल, मनेष कोकरे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक संग्रह प्रसिद्ध केला. कोकरे हे नांदेडच्याच श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतले. संग्रहाचे नाव आयडीआरआयडी. म्हणजे मधुमेही दृष्टिपटलविकाराचा भारतीय चित्रसंग्रह. त्यातील ८१ छायाचित्रांत फुगवटे, रक्तस्राव आणि डाग ठिपक्याठिपक्याने आखून दाखवले आहेत. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील एका परिषदेत या छायाचित्रांवर स्पर्धा झाली आणि तिच्यात अनेक देशांचे संशोधक उतरले. संग्रह कोणालाही वापरण्यास खुला आहे. २०२१ मध्ये नांदेडकरांनी ३,२०० छायाचित्रांचा आणखी एक संग्रह दिला. त्यात ४६ प्रकारचे विकार आहेत.

११/ मराठवाड्यातील एका शहराचे हे काम जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते, याचा अभिमान वाटतोच. तरी एका शहरातला संग्रह म्हणजे देश नव्हे. आमच्या विदर्भाचे उदाहरण घ्या. इथे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि तो आजारही दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडवतो. गडचिरोली-चंद्रपूरचे डोळे संग्रहात नसतील, तर यंत्राला तो बिघाड ओळखायला कोण शिकवणार? ज्यांची नोंद दप्तरात नाही ते इतिहासातून गळतात. इथे ते उपचारातूनही गळतील.

१२/ वि. का. राजवाडे गावोगाव फिरले आणि घराघरांतून कागद गोळा करून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापू लागले. त्यांच्यापासून आपण शिकलो ते हे की कागद कोणाचा, कोठला, केव्हाचा, हे ठाऊक नसेल तर त्याचे मोल घटते. नेत्रचित्रालाही तोच न्याय लावावा: कॅमेरा कोणता, रुग्णाचे वय काय, मधुमेह किती वर्षांचा. आणि प्रतवारीत दोन डॉक्टरांचे मत जुळले नाही तर दोन्ही मते जपावीत. प्रतवारी हा तज्ज्ञाचा अभिप्राय असतो, आणि बखरीतल्या अभिप्रायाप्रमाणे त्याचेही परीक्षण व्हायला हवे.

१३/ शेवटचा मुद्दा संमतीचा. तंजावरच्या रुग्णांना चित्राबद्दल कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. आज विचारलेच पाहिजे. नाव खोडले की ओळख पुसली जाते, हा समजही अपुरा आहे. दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. नुसत्या छायाचित्रावरून यंत्र व्यक्तीचे वय आणि लिंग अंदाजू शकते, हे २०१८ मध्येच दाखवले गेले आहे. म्हणून संग्रह संशोधनाला खुला हवा, पण तो कोण उघडतो आणि कशासाठी, याची नोंदही त्याच दप्तरात हवी.

१४/ माझ्या आजीला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या डोळ्यांची छायाचित्रे तीन वेगवेगळ्या ठिकाणी काढली गेली. घरी त्यातले एकही नाही. आहे ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली एक चिठ्ठी. मागच्या वर्षी नव्या डॉक्टरांनी विचारले, "आधीचे फोटो आहेत का? किती बिघडले ते कळले असते." आम्हाला सांगता आले नाही.

१५/ दोनशे वर्षांपूर्वी, छापखाना नवलाचा होता तेव्हा, तंजावरच्या एका रुग्णाचा डोळा कागदावर जपला गेला आणि तो आजही पाहता येतो. महालातल्या एका म्हातारीचा डोळा तीन कॅमेऱ्यांपुढे जाऊनही हरवला. राष्ट्रीय संग्रहाची सुरुवात इथून व्हावी: छायाचित्राची एक प्रत रुग्णाच्या हाती, आणि दुसरी, तिच्या संमतीने, सर्वांच्या दप्तरात.

तुमच्या घरी मधुमेही असतील, तर त्यांच्या डोळ्यांची तपासणी या वर्षी झाली का ते आजच विचारा. आणि फोटो मागून घ्या.