अंदाज

तिरंदाज, गोलंदाज आणि अंदाज ही एकाच घरातली भावंडं. फारसी ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. मापाचा ‘अंदाजा’ही त्याच कुळातला. जंगलातल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज घेताना हे जुनं नातं अक्षरशः खरं ठरतं. युरोपीय अवकाश संस्थेनं २०२५ साली सोडलेला ‘बायोमास’ उपग्रह सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या रडार लहरी रानावर फेकतो. पानं त्यांना फारशी अडवत नाहीत. खोडांवर, जाड फांद्यांवर आपटून त्या परततात. बहुतेक वजन तिथंच तर असतं! पण परतलेल्या लहरींचे टन करून रानाच्या वजनाचा नकाशा काढायचा, तर कुणीतरी रानात उतरून, छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळून घेर मोजावाच लागतो. नकाशाच्या श्रेयनामावलीत त्या मोजणाऱ्यांची नावं आधी यावीत, असं मला मनापासून वाटतं.