वर्धेच्या खोऱ्यातील खाणी आणि पाण्याचे भय

मुंबईहून नागपुराकडे जाणारी आगगाडी पुलगावाशी येते ती वर्धा नदी ओलांडून. वैशाखात त्या पुलावरून खाली पाहणारास बहुधा वाळूचे पट्टेच अधिक दिसतात, आणि या नदीचे भय कोणास वाटत असेल हे खरेही वाटत नाही. परंतु हीच नदी दक्षिणेस वरोरा, माजरी, बल्लारपूर या बाजूस उतरते ती दगडी कोळशाच्या मुलखातून. आणि तेथे जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाचा जुना वैरी कोण, असे विचारल्यास पाणी हेच उत्तर द्यावे लागेल.

1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि इंजिनांस कोळसा हवा झाला. पुढील दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत जो फाटा टाकण्यात आला तो मुख्यतः तेथील सरकारी खाणीसाठी. ही खाण 1906 मध्ये बंद पडली. तोवर बल्लारपूरचा उद्योग सुरू झाला होता. खाणींविषयीचा पहिला कायदा 1901 चा. म्हणजे वरोऱ्याच्या भुयारांत मजूर उतरू लागल्यानंतर तो येण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला!

या खोऱ्यात कोळशाच्या थरांवर बहुतेक ठिकाणी कामठीचा वालुकाश्म पसरलेला आहे. नागपुराजवळच्या कामठीवरून भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यास हे नाव दिले. हा दगड पाणी मोठ्या प्रमाणावर धरून ठेवतो; विहीर खणणारास तो वरदान, खाणवाल्यास मात्र डोकेदुखी. खाण चालू असते तोवर पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. ती सोडून दिली, पंप उचलून नेले, की रिकामी भुयारे हळूहळू भरत जातात. वर शेत पिकत असते, गुरे चरत असतात, आणि खाली काळोखात एक तळे साचलेले असते. काही वर्षांनी शेजारून दुसरी खाण पुढे सरकू लागते. मध्ये कोळशाची भिंत किती उरली, हे ठाऊक असण्यास एकच साधन: जुना नकाशा. तो अपुरा असला, किंवा कोणी शेवटच्या दिवसांत नकाशाबाहेर कोळसा काढलेला असला, तर भिंत कागदावर जाड आणि प्रत्यक्षात पातळ असते.

1953 च्या ऑगस्टमध्ये माजरीच्या खाणीत पाणी शिरून 11 माणसे मेली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, न्यूटन चिखली येथे पाण्याने साठांहून अधिक बळी घेतले. 1957 चे कोळसा खाण विनियम आले ते या दुःखांच्या पाठोपाठ. पाणी साचलेल्या जुन्या भुयारापासून 60 मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करू नये. करावयाचेच तर समोर भोके पाडीत, निदान 3 मीटर आधी चाचपीत, पुढे सरकावे. नदीच्या काठापासून 15 मीटरांच्या आत खाली खोदू नये. खाणीचे तोंड महापुराच्या रेषेहून दीड मीटर तरी उंच असावे. आंधळ्याने काठी टेकीत चालावे तशी ही रीत आहे. तीत कोणतेही अवघड शास्त्र नाही. मात्र प्रत्येक भोकास वेळ लागतो, आणि त्या वेळात कोळसा निघत नाही; सारा घोळ येथेच आहे.

नियम होऊन अठरा वर्षे लोटली होती. 18 नोव्हेंबर 1975 रोजी नागपूर जिल्ह्यातील सिलेवाडा येथे पाणी शिरून 10 माणसे गेली. त्यानंतर अवघ्या 39 दिवसांनी धनबादजवळ चासनाळा येथे जुन्या भुयारांतील पाणी फुटले, आणि पावणेचारशेच्या जवळपास कामगार बुडाले. चासनाळा देशभर गाजले. सिलेवाड्याचे नाव आज विदर्भातही थोड्यांसच आठवते. अशा प्रसंगी 'अकस्मात पाणी शिरले' असे लिहिण्याचा प्रघात आहे. अकस्मात हा शब्द मला नेहमी खटकतो. ते पाणी तेथे वर्षानुवर्षे साचत होते. माणसानेच केलेल्या पोकळीत, माणसानेच पंप थांबविल्यावर.

आता या खोऱ्यातील बराचसा कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तेथे दरड, धूळ आणि अवजड वाहने यांची भीती अधिक. तरीही कित्येकदा यंत्राचे फावडे वरून खोदीत खोदीत जुन्या भुयाराच्या छतापाशी येते. तेव्हा काम थांबवून तोच पिवळा पडलेला नकाशा पुन्हा टेबलावर पसरावा लागतो.