देवनागरीचे वळण : नाट्यजाहिरातीपासून संकेतस्थळापर्यंत

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याच्या निमित्ताने येथे जी कुटुंबे अनेक प्रांतांतून आली, त्यांत मराठी भाषकही होते. कोहका यांसारख्या भिलाईतील वस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकाची स्थिती मोठी उद्बोधक आहे. दुकानावरची पाटी आणि घरातील मराठी पुस्तक या दोहोंची लिपी एकच; वळण मात्र एक नाही. पाटीवरील ‘ल’ उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकलेला असतो, तर पुस्तकातील ‘ल’ दोन पाकळ्यांचा. ‘श’ची गोष्टही तशीच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. सीमा बदलली, लिपी सामाईक राहिली आणि भेद अक्षराच्या अंगकाठीत शिल्लक उरला.

या भेदाचे मूळ मुद्रणाच्या इतिहासात आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) देवनागरी खिळ्यांना जो घाट दिला, तो मुंबई वळणाचा. कलकत्ता वळण त्याहून निराळे होते. पुढे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची मुंबईकडील रूपे हिंदी मुद्रणातही प्रमाण ठरली; ‘ल’ आणि ‘श’ यांच्याबाबत मात्र तडजोड झाली नाही.

खिळा सर्व शब्दांना समान न्याय देतो, आणि जाहिरातीला नेमका तोच अडसर ठरतो. वृत्तपत्राच्या दाट स्तंभात नाटकाचे नाव वाचले जाण्याआधी ओळखले जावे लागते. ही गरज कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या सुलेखनाने भागवली. टाइम्स ऑफ इंडियात काम करीत असतानाच त्यांनी मराठी रंगभूमीसाठी असंख्य शीर्षके रेखाटली. त्यांच्या रेखाटनात शिरोरेषा, वेलांटी, काना हे अवयव केवळ उच्चाराचे वाहक राहत नाहीत. नाटकाची प्रकृती सुचविण्याचे कामही ते करतात. येथील चातुर्य अलंकरणात नाही, संयमात आहे. अक्षर कितीही वाकविले तरी ते वाचता आलेच पाहिजे, ही अट मोडली की जाहिरात फसते.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा प्रवास या इतिहासातील पुढचा दुवा होय. उल्का या जाहिरातसंस्थेतील कलादिग्दर्शक, मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक, कवी आणि सुलेखनकार अशा भूमिका पार पाडलेल्या जोशींनी ‘मंगल’ हा फाँट घडविला. विंडोज २००० बरोबर तो संगणकांवर आला आणि मराठी, हिंदी, नेपाळी वाचकांच्या पडद्यावर एकच हात फिरू लागला. सुलेखनकाराचे व्यक्तित्व जितके पुसले जाईल तितके यश, अशी ही निर्मिती होती.

येथेच कोहका येथील वाचकाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच संकेतांक आहे; तो पाकळ्यांचा दिसावा की दंडाचा, हे फाँट आणि पानाची घोषित भाषा ठरविते. भाषा घोषित केली नाही, तर बहुतेक वेळा हिंदी वळण समोर येते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. राज्याबाहेरच्या पडद्यावर अर्थातच असा आदेश पोहोचत नाही. तेथे आराखडाकाराची जाणच कामी येते. ही जाण आजही जिवंत आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मोदक’ या फाँटमध्ये अक्षरांतील मोकळी जागा बारीक फटीइतकी उरविली, तरी शब्द वाचता येतो. शेडगे यांनी पाळलेली अट येथेही पाळली गेली आहे. फरक इतकाच, की हे अक्षर कोणीही टंकित करू शकतो.

तौलनिक अभ्यासात लिपी बहुधा पारदर्शक मानली जाते. हिंदी आणि मराठी संहिता शेजारी ठेवताना दोहोंची देवनागरी एकच, असे आपण गृहीत धरतो. जुन्या नाट्यजाहिरातींचे संगणकीकरण करताना शीर्षक टंकित करून चित्र टाकून दिले, तर शब्द उरेल. प्रेक्षकाला नाट्यगृहापर्यंत नेणारे वाचन मात्र नष्ट होईल. म्हणून जतन करावयाच्या संहितेत अक्षराचा आकारही धरला पाहिजे. कोहका येथील मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाटीवरून पुस्तकाकडे वळताना तो रोजच तो ओलांडतो.