झाडांवाचूनचे 'फॉरेस्ट'

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात 'फॉरेस्ट' हा शब्द इंग्रजी आहे याची आठवण कोणी करून द्यावी लागते, इतका तो तिथल्या बोलण्यात मुरला आहे. डहाणूजवळच्या मसोलीत किंवा आसपासच्या पाड्यांवर चाललेल्या गप्पांकडे कान दिला तर तो असा भेटतो: "फॉरेस्टची गाडी येऊन गेली." "त्याचा मुलगा फॉरेस्टला लागला." "ती जागा फॉरेस्टमध्ये गेली." "फॉरेस्टने केस केली." "आमचा एक फॉरेस्ट प्लॉट आहे, त्यात नागली पेरतो."

या वाक्यांत फॉरेस्ट म्हणजे कधी सरकारी खाते, कधी नोकरी, कधी जमिनीचा कागदावरचा प्रकार, तर कधी चक्क नांगरलेले शेत. गंमत म्हणजे एकाही वाक्यात त्याचा अर्थ दाट झाडी असा नाही. त्यासाठी याच माणसांकडे 'जंगल' आणि 'रान' हे शब्द आहेत. शाळेच्या पुस्तकात मात्र आपण फॉरेस्ट म्हणजे अरण्य असे शिकवतो. मग पाड्यावरच्या माणसांनी इंग्रजी शब्दाची मोडतोड केली म्हणायची का? आम्ही या शब्दाच्या इतिहासात शिरलो तेव्हा उत्तर वेगळेच मिळाले. पाड्यावरचा अर्थच जुन्या अर्थाच्या जास्त जवळ आहे!

दाराबाहेरची जमीन

बहुतेक भाषाभ्यासक 'फॉरेस्ट'चे मूळ लॅटिन 'फोरिस' या शब्दात शोधतात. फोरिस म्हणजे बाहेर, दाराबाहेर. 'फॉरेन' म्हणजे परदेशी, हा शब्दही त्याच मुळाचा. आणि लॅटिनमधला दाराचा शब्द, संस्कृत 'द्वार' व आपले 'दार' हे सगळे एकाच प्राचीन कुळातले आहेत. मध्ययुगीन युरोपात राजे लोक काही जमीन 'बाहेरची' म्हणून जाहीर करत. म्हणजे ती सर्वसामान्यांच्या वापराबाहेर, राजाच्या शिकारीसाठी राखलेली. तिच्यावर झाडे असलीच पाहिजेत अशी अट नव्हती.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि हा शब्द कायद्यासकट तिकडे नेला. १०७९ च्या सुमारास त्याने दक्षिण इंग्लंडमध्ये 'न्यू फॉरेस्ट' स्थापन केले. तिथे झाडीबरोबर मोठमोठी खुरटी माळराने होती आणि आजही आहेत. राजाच्या फॉरेस्टांत गावे आणि शेतेही येत. हरणाला इजा करणे, सरपण तोडणे, डुकरे चारणे हे तिथे गुन्हे ठरले. लोकांचा असंतोष वाढत गेला आणि १२१७ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या नावाने 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' ही सनद निघाली. सरपण, चराई अशा वहिवाटीच्या हक्कांना तिने मान्यता दिली. तिचा काही भाग १९७१ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात शिल्लक होता. स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या उघड्याबोडक्या डोंगरांनाही 'डिअर फॉरेस्ट' म्हणतात.

आपल्या भाषांतही असेच घडले आहे. वैदिक भाषेत 'अरण' म्हणजे दूरचा, परका. त्यावरून आलेले 'अरण्य' म्हणजे गावाबाहेरचा प्रदेश. आयुर्वेदात 'जांगल देश' म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, मोकळा मुलूख. पाणथळ 'आनूप' देशाच्या उलट. पुढे 'जंगल' शब्दाचा अर्थ दाट झाडीकडे सरकला. इंग्रजांनी तो उचलला आणि 'जंगल' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे घनदाट, वेलींनी भरलेले रान उभे राहू लागले. त्यांनी आपले 'जंगल' नेले आणि आपल्याला त्यांचे 'फॉरेस्ट' दिले.

राखीव झाले ते काय?

रेल्वे वाढू लागली तशी स्लीपरसाठी टिकाऊ लाकडाची गरज भासू लागली. मुंबई-बडोदा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोचला. डहाणूची किनारपट्टी त्याच मार्गावर आहे. त्याच वर्षी जर्मन वनशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. १८६५ च्या पहिल्या वनकायद्याने झाडे, झुडपे किंवा 'जंगल' यांनी आच्छादलेली जमीन फॉरेस्ट म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. निदान त्यात झाडाझुडपांचा उल्लेख तरी होता. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्राम असे वनांचे तीन प्रकार केले. पुढे आलेला १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे.

या १९२७ च्या कायद्याचे व्याख्यांचे कलम विद्यार्थ्यांना जरूर वाचून दाखवावे. 'गुरे' या शब्दात तिथे हत्ती, उंट, घोडे, गाढवे, डुकरे आणि शेळ्याही येतात. 'झाड' या शब्दात ताड, बुंधे, झुडपे आणि वेत येतात. बांबू वनस्पतिशास्त्राने गवत असूनही २०१७ पर्यंत या कायद्यात झाडच होता! पण खुद्द 'फॉरेस्ट' म्हणजे काय, हे त्या कलमात कुठेच सांगितलेले नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केले की ती जमीन राखीव वन. म्हणजे विल्यम राजाचीच पद्धत.

शब्दाच्या या ताकदीचा अनुभव ठाणे जिल्ह्याने फार लवकर घेतला. (डहाणू आणि तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यातच होते.) इथला भात राबावर होतो. रोपे तयार करायच्या जागेवर फांद्या, पाला, गवत, शेण पसरून ते पेरणीआधी भाजतात. उष्णतेने तणाचे बी मरते आणि राखेतून रोपांना पोटॅश मिळते. त्यासाठी दरवर्षी जवळच्या ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते रान शेताचाच भाग होता. नव्या कायद्याने ते फॉरेस्ट झाले आणि फांदी छाटणे हा परवानगीचा, नाहीतर गुन्ह्याचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावे लागले. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

फॉरेस्टचा आणखी एक अर्थ वारल्यांना अंगमेहनतीतून कळला: मजुरीची जागा. लाकूडतोडीचे ठेके सावकार-ठेकेदारांकडे आणि तोडणारे हात वारल्यांचे. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यांत वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. पुढच्याच वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी लढा झाला. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक या साऱ्या काळाबद्दल आहे.

व्याख्या फुगते

फॉरेस्टची सविस्तर व्याख्या करण्याचे काम महाराष्ट्राने १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यात केले. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला राज्यातली खाजगी वने सरकारच्या मालकीची झाली. या कायद्यात वन म्हणजे झाडांनी आच्छादलेली जमीन. मग ती झाडे उभी असोत वा तोडलेली. नुसते बुंधे उरलेली जमीनही वनच. वनाला लागून असलेले कुरण, पाणथळ किंवा नापीक जागा, आणि शेतीसाठी दिलेली वनजमीन, हेही वनच. फॉरेस्ट प्लॉटवर नागली पिकते हे वाक्य ऐकून हसू येत असेल, तर कायदा वाचावा. पाड्यावरची माणसे अगदी कायद्याच्या भाषेत बोलत आहेत.

१९८० चा वनसंवर्धन कायदा आला, पण मूळ कायद्यात फॉरेस्टची व्याख्या नव्हती. शेवटी प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की, फॉरेस्ट हा शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा. शिवाय सरकारी दप्तरात जी जमीन फॉरेस्ट म्हणून नोंदलेली आहे, तीही मालकी कोणाची हे न पाहता धरावी. त्यामुळे देशभरातल्या वृक्षतोडीला मोठा लगाम बसला, हे खरेच. पण किती मोठ्या जागेवर किती झाडे म्हणजे फॉरेस्ट, हे शब्दकोश सांगत नाही. म्हणून वाद चालूच राहिले. विदर्भातल्या महसुली दप्तरांत 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे. पुष्कळ ठिकाणी ती खुरट्या झुडपांची, गुरे चारायची. ते वन की नाही, याचा निकाल न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला: ते वनच.

फॉरेस्ट या शब्दाचा पैस इतका वाढला की त्यातून एक उलटा लाभही झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात 'वनजमीन' म्हणजे कोणत्याही प्रकारच्या वनक्षेत्रात येणारी जमीन. राखीव असो, संरक्षित असो, की सीमा न आखलेली असो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून अशी जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. ज्या शब्दाने माणसांना दाराबाहेर काढले, त्याच शब्दाच्या आधारे आता ती आत येऊ पाहत आहेत. डहाणू-तलासरीत 'वनपट्टा' हा शब्द इतक्या जिव्हाळ्याने बोलला जातो त्याचे कारण हे आहे.

उपग्रहाला काय दिसते?

विज्ञानाकडे तरी एकच व्याख्या असेल, अशी आपली अपेक्षा असते. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. तिचा नियम असा: जागा किमान एक हेक्टर हवी आणि झाडांच्या माथ्यांनी त्यातली १० टक्के तरी जमीन झाकलेली हवी. मालकी आणि कायदेशीर दर्जा पाहायचा नाही. फळबागाही त्यात धरतात. जागतिक अन्न व कृषी संघटना मात्र अर्धा हेक्टर जागा आणि पाच मीटर उंचीची अट घालते, आणि शेतीत मोडणाऱ्या फळबागा वगळते.

आता घोलवड-डहाणूची चिकूची वाडी घेऊ. झाडे १० मीटर अंतरावर लावली तर एका हेक्टरात १०० झाडे बसतात. बाग तरुण आहे, प्रत्येक झाडाचा घेर चार मीटर व्यासाचा आहे असे मानू. एका झाडाखाली सुमारे १२.६ चौरस मीटर जमीन झाकली जाईल. १०० झाडांखाली सुमारे १२६० चौरस मीटर. हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर असतात. म्हणजे साडेबारा टक्क्यांहून थोडे अधिक. उपग्रहाच्या हिशेबात हे वनाच्छादन झाले! बागायतदाराला आपण फॉरेस्टमध्ये राहतो हे सांगून पाहावे. आणि बाजूच्या टेकडीवर, जिथे कधीकाळची झाडे तुटून दगड उघडे पडले आहेत, ती जमीन दप्तरात राखीव वन असू शकते. उपग्रहाला तिथे वन दिसत नाही, कायद्याला दिसते.

यातली कोणतीही एक व्याख्या चूक आहे असे नाही. लाकूड किती मिळेल, कार्बन किती शोषला जाईल, जमीन कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यावर पोट कोणाचे चालते, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाने आपल्या कामापुरते फॉरेस्ट आखून घेतले आहे. घोटाळा होतो तो एका प्रश्नासाठी केलेली व्याख्या न सांगता दुसऱ्या प्रश्नाला लावली की. 'राज्यात वन वाढले' अशी बातमी आली, तर कोणत्या अर्थाचे वन वाढले, हे विचारायला हवे.

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय एका आठवड्यात घेता येईल. आपल्या गावात 'फॉरेस्ट', 'जंगल', 'रान', 'वन' हे शब्द कोण कोणत्या अर्थाने वापरते याची मुलांनी वाक्यांसकट नोंद करावी. आजी, शेतकरी, तलाठी आणि वनरक्षक या चौघांना तरी विचारावे. जमेल त्यांनी घरचा सातबारा वाचून त्यावर वनाचा उल्लेख आहे का पाहावा. मग एक जागा निवडून दोरीने झाडांचा घेर मोजावा आणि टक्केवारी काढावी. शेवटी ती जागा कोणकोणत्या व्याख्येत फॉरेस्ट ठरते आणि कोणत्या व्याख्येत नाही याचा तक्ता करावा. तक्त्यात आणखी एक रकाना ठेवावा: ही व्याख्या लागू झाली तर या जागेवर कोणाला पाऊल ठेवता येणार नाही?