घरोघर जाणारी शुश्रूषा : जामखेडचा धडा

रोग्यानें वैद्याच्या दारीं जावें कीं वैद्यानें रोग्याच्या, हा वाद जुना आहे. अलीकडे त्यांत आणखी एका पक्षाची भर पडली आहे व तो पक्ष म्हणजे हातांत मावणारें मोबाईल यंत्र होय. घरच्या शुश्रूषेचें भवितव्य आतां ह्या यंत्रावरच अवलंबून आहे, असें पुष्कळांस वाटतें. ह्या मताची पारख करावयाची असेल, तर अहमदनगर जिल्ह्याच्या—२०२४ सालापासून ज्यास अहिल्यानगर असें नांव मिळालें त्या जिल्ह्याच्या—अर्धशतकाच्या अनुभवाकडे पाहणें इष्ट होईल.

ह्या जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास, बीडच्या सीमेलगत, जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें तेथें १९७० सालीं ग्रामीण आरोग्य प्रकल्प स्थापन केला. दोघांचें शिक्षण वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत झालें होतें. त्यापूर्वीं ह्याच जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन रुग्णालयांत काम करीत असतां एक गोष्ट त्यांच्या ध्यानीं आली होती. औषध घेऊन बरा झालेला रोगी त्याच घरीं, त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जाई आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां रुग्णालयाच्या पायरीशीं येई. रोगाचें मूळ घरांत असेल, तर उपायही घरापर्यंत पोहोंचला पाहिजे, हा निष्कर्ष त्यांतून निघाला. पुढें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें अध्ययन करून ते स्वदेशीं परतले व जामखेडांत स्थिरावले.

प्रारंभीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविण्याचा प्रयोग झाला. परंतु तो रुजला नाहीं. बाहेरून आलेली तरुण परिचारिका गांवास परकी वाटे आणि गांव तिला परका वाटे. तेव्हां गांवानें आपल्यांतीलच एक स्त्री निवडावी, असें ठरलें. निवडलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळ जणी निरक्षर होत्या व कित्येक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होत्या. आठवड्यांतून एकदां त्या जामखेडास येत, शिकत, गांवचा अनुभव एकमेकींस सांगत आणि परत जाऊन तेंच घरोघर समजावून देत. गर्भिणीची विचारपूस, बाळंतिणीची काळजी, अतिसार झालेल्या मुलास मीठ, साखर व पाणी पाजणें, क्षयाच्या रोग्याचें औषध चुकूं न देणें, हीं त्यांची नित्याचीं कामें होतीं. महारोग्यास निराळ्या आश्रमांत न धाडतां कुटुंबांतच ठेवून त्यास उपचार देण्याची पद्धतिही तेथें रूढ झाली.

ह्याचें फळ लवकरच दिसूं लागलें. १९७१ च्या सुमारास ह्या भागांत दर हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत; १९७६ पर्यंत हें प्रमाण ५२ वर आलें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्याच प्रकल्पाच्या मुक्ताबाई पोळ ह्यांनीं पुढें वॉशिंग्टन येथील एका परिषदेंत दिलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे. सभागृहांतील झुंबरें सुंदर असलीं तरी महाग व दूरचीं आहेत आणि डॉक्टरांचेंही तसेंच आहे. आपण मात्र साधी पणती आहों, पण एका पणतीनें दुसरी लावतां येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

अशीच दुसरी पणती गडचिरोलींत लागली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या संस्थेनें ३९ गांवांत नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. पुढें २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत ‘आशा’ कार्यकर्ती आली आणि २०११ सालीं नवजात अर्भकासाठीं तिच्या गृहभेटींचा क्रम देशभर ठरविण्यांत आला. रुग्णालयांत प्रसूति झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं ती घरीं जाते. घरीं झाली असेल तर पहिल्या दिवशींही.

ह्यानंतर यंत्राचा प्रवेश झाला. २०१९ सालीं सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ सेवेमुळें उपकेंद्रांत बसलेल्या रोग्यास दूरच्या डॉक्टराशीं बोलतां येऊं लागलें. ज्या तालुक्यांत एस. टी.ची एक फेरी चुकली म्हणजे दिवस बुडतो, तेथें हा लाभ थोडा नव्हे. परंतु २०२१ सालीं दुसरी बाजूही दिसली. अंगणवाडी सेविकांस ‘पोषण ट्रॅकर’ ह्या प्रणालींत रोजची माहिती भरण्यास सांगण्यांत आलें. ती प्रणाली प्रथम इंग्रजींत होती व दिलेले मोबाईल अपुऱ्या शक्तीचे होते. महाराष्ट्रांतील सेविकांनीं त्या वर्षीं ऑगस्टमध्यें ते मोबाईल शासनास परत करण्याचें आंदोलन केलें. पुढें ह्या प्रणालींत भारतीय भाषा आल्या. तथापि मूळ प्रश्न केवळ भाषेचा नव्हता. जी घटका बालकाच्या वजनाची व मातेच्या शंकेची, ती रकाने भरण्यांत गेली, तर नोंद पूर्ण होते आणि शुश्रूषा अपुरी राहते.

नोंद ही वस्तु मुळांत वाईट नव्हे. जामखेडांतही गर्भिणी किती, लस कोणाची राहिली, क्षयाचें औषध कोणीं सोडलें, ह्याचा हिशेब ठेवला जाई. परंतु तो हिशेब घरापासून निघून घराकडेच परत येई. ज्या बाळाचें वजन घटलें त्याच्या दारीं दुसऱ्या दिवशीं कोणी तरी उभें राही. मोबाईलची कसोटीही हीच असावी. भरलेल्या माहितीमुळें त्याच घरीं पुढील भेट वेळेवर होते काय, हें पाहावें. तसें होत असेल तर यंत्र हें सेविकेचें साधन ठरेल. न झाल्यास सेविकाच यंत्राचें साधन बनेल. सासूचा आग्रह, सुनेचें मौन आणि चुलीवरचें रिकामें भांडें ह्यांसाठीं कोणत्याही प्रणालींत रकाना नाहीं. तें ओळखण्यास उंबरठा ओलांडून आंत जाणारें, विश्वासाचें माणूसच लागतें. तिच्या हातीं आधुनिक साधन अवश्य द्यावें. मात्र घरांत बसून बोलण्याइतका तिचा वेळही राखावा.