संहिता आणि संशय

मराठी भाषेने संशयाला फारसा मान दिलेला नाही. संशय येतो तो पिशाच्च होऊन मानगुटीस बसतो. वारंवार प्रश्न विचारणारा मुलगा वर्गात ‘शंकासुर’ ठरतो. आणि घरातील कर्ता पुरुष संशयी निघाला तर शेजारीपाजारी त्याच्या संसाराची कीव करतात. त्यातून गीतेच्या चौथ्या अध्यायातील, संशयात्म्याचा नाश होतो हे वचन प्रवचनकारांच्या मुखी इतके रुळले आहे की, भगवंतांनी शंका काढण्यासच मनाई केली असावी, असा सामान्य श्रोत्याचा ग्रह व्हावा. वस्तुतः त्याच अध्यायात, अवघे सहा श्लोक आधी, ज्ञानी पुरुषास परिप्रश्न करून ज्ञान मिळव असे अर्जुनास सांगितले आहे; आणि अध्यायाच्या अखेरीस संशय छेदण्यासाठी जे शस्त्र त्याच्या हाती दिले आहे ते ज्ञानाचे आहे, आज्ञेचे नव्हे.

आमच्या नैयायिकांनी तर संशयाला शास्त्रातच पाट मांडून दिला. गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण व प्रमेय यांच्या मागोमाग तिसरे स्थान संशयाचे आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही, आणि ज्याचा निश्चय झाला आहे त्याविषयीही होत नाही. संशयित अर्थाविषयीच तो प्रवृत्त होतो, असे भाष्यकार वात्स्यायन म्हणतात. निर्णय हा नववा पदार्थ. परंतु त्याच यादीत बारावी वितंडा आहे. म्हणजे स्वतःचा पक्ष काहीच न मांडता दुसऱ्याचा पाडीत राहणे. तिसऱ्या पायरीवरून निघालेला संशय कधी नवव्या पायरीशी थांबतो आणि कधी बाराव्या पायरीपर्यंत घरंगळत जातो, हे आम्हांस पाहावयाचे आहे. आणि ते पाहण्यास ज्ञानेश्वरीच्या संहितेच्या इतिहासाइतके सोयीचे दुसरे उदाहरण मराठीत आम्हांस दिसत नाही.

हा विषय आम्ही हैदराबादेत बसून निवडला, यालाही कारण आहे. ज्या गावांची नावे पुढे येतील त्यांपैकी पैठण, बीड, अंबेजोगाई ही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, हे एक. दुसरे असे की, मराठीच्या या परक्या मुलखात मुलांच्या मनात आपल्या भाषेविषयी श्रद्धा टिकवावी, शंका पेरू नये, असे आमचे काही सहकारी कळकळीने म्हणतात. जेथे मराठी हा वेळापत्रकातील एक विषय उरला आहे तेथे ज्ञानेश्वर एक की दोन, असली चर्चा म्हणजे दुष्काळात तेराव्या महिन्याची भर, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यांची काळजी खोटी नाही. म्हणूनच उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे, हे बरे.

ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, रामदेवराव यादवाच्या राजवटीत नेवाशास पूर्ण झाली. पुढील तीनशे वर्षांत तिच्या नकला होत गेल्या, आणि प्रत्येक नकलेत लेखकाचा हात, त्याच्या गावची बोली आणि क्वचित त्याची स्वतःची ओवीही मिसळत गेली. या साऱ्या प्रतींविषयी संशय घेण्याचे धैर्य प्रथम दाखविले ते पैठणच्या एकनाथमहाराजांनी. आळंदीच्या अजानवृक्षाची मुळी समाधिस्थ ज्ञानदेवांच्या कंठास लागली असल्याचा दृष्टान्त त्यांना झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. कथेचा भाग कथेकडे ठेवला तरी तिचे मर्म विलक्षण आहे: मूळ ग्रंथकाराचा कंठ नंतरच्या वाढीने आवळला गेला आहे, तो मोकळा केला पाहिजे! संहिताचिकित्सेची याहून नेमकी प्रतिमा आम्हांस माहीत नाही. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये नाथांनी अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असा कडक इशारा शेवटी दिला. आज घरोघरी वाचली जाते ती ज्ञानेश्वरी या संशयाची कन्या आहे.

परंतु येथेच एक उणे राहिले. लोकोत्तर पुरुषाच्या कार्याविषयी असे लिहिताना संकोच वाटतो. तरी लिहिणे प्राप्त आहे. नाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणत्या ओव्या गाळल्या, कोणते शब्द बदलले, याची नोंद मागे ठेवली नाही. त्यांचा संशय त्यांच्यापुरता निर्णयास पोचला. पुढच्याला मात्र तो निर्णय तपासण्याची वाट उरली नाही. सोळाव्या शतकातील पुरुषाकडून पाठभेदांच्या टिपांची अपेक्षा करणे हा काळाचा अन्याय होय, असे कोणी म्हणेल. पण मग महानुभावांचे काय म्हणावे?

म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी, लीळाचरित्र रचले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून मिळवाव्या, त्यासाठी गावोगाव हिंडावे, नागदेवाचार्यांपाशी त्यांची खातरजमा करून घ्यावी, असा त्यांचा क्रम होता. पुढे धाडीत मूळ ग्रंथ हरवला आणि शिष्यांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. तेव्हा कोणाचे स्मरण एक सांगे, कोणाचे दुसरे. या मंडळींनी काय केले? हिराइसेचा पाठ, पिढीपाठ अशी नावे देऊन त्यांनी पाठ वेगवेगळे राखले. एकाच लीळेची दुसरी हकीकत असेल तर ‘वासना’ म्हणून आणि तपासाअंती हाती आले ते ‘शोधु’ म्हणून नोंदले. आपल्या परमेश्वराचे चरित्र लिहिताना भक्तांनी आपली अनिश्चिती लपविली नाही! त्यांची श्रद्धा कोणाहून कमी होती असे म्हणण्याची छाती कोणास होईल, असे आम्हांस वाटत नाही. सांकेतिक लिपीत हे वाङ्मय शतकानुशतके बंदिस्त राहिले आणि त्याबरोबर ही पद्धतीही मराठीच्या मुख्य प्रवाहास अज्ञात राहिली, ही आमच्या भाषेची मोठी हानी होय.

आता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ. १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी जी लेखमाला लिहिली तिने वारकरी संप्रदायात आणि विद्वानांत सारखीच खळबळ उडविली. त्यांचे म्हणणे असे: ज्ञानेश्वरीचा कर्ता नाथपंथी, शिवोपासनेकडे कललेला, त्याच्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचा महिमा नाही, उलट ज्ञानदेवांच्या नावावरील अभंग विठ्ठलभक्तीने ओथंबलेले, आणि त्यांची भाषा ज्ञानेश्वरीच्या मानाने पुष्कळ अर्वाचीन. तेव्हा ज्ञानेश्वरी लिहिणारा एक आणि अभंग रचणारा दुसरा, असे दोन पुरुष मानले पाहिजेत. अनेकांनी यात पाखंड पाहिले. पण भारद्वाजांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नव्हते. ते ग्रंथातील पुराव्यावर उभे होते, आणि म्हणूनच त्यांचे उत्तरही ग्रंथातूनच द्यावे लागले.

ते उत्तर शोधताना जे घडले ते पाहण्यासारखे आहे. भाषेचा आक्षेप खोडण्यासाठी, ओवीग्रंथ लेखणीने उतरतो व अभंग मुखाने उतरतो, हा भेद अभ्यासकांस मांडावा लागला. टाळमृदंगावर पिढ्यान्‌पिढ्या गाइला जाणारा अभंग प्रत्येक पिढीच्या जिभेवर नवा होतो. पोथीतील ओवी त्या मानाने जुनी राहते. उपासनेचा आक्षेप खोडण्यासाठी शैव-वैष्णव समन्वयाचा आणि नाथपंथाचा अभ्यास करावा लागला. ऐतिहासिक आक्षेपासाठी नामदेवांच्या समाधिवर्णनाच्या अभंगांकडे समकालीनाची साक्ष म्हणून पाहावे लागले. आणि तसे पाहू गेल्यावर नामदेवांच्या गाथेतील नामदेवांचे किती, हा प्रश्न ओघानेच आला. आज बहुतेक अभ्यासक ज्ञानेश्वर एकच मानतात. भारद्वाज खटला हरले. मात्र ज्ञानदेवांच्या गाथेतील सगळेच अभंग ज्ञानदेवांचे नाहीत, हे आज त्यांचे प्रतिपक्षीही मान्य करतील. जुन्या मराठीच्या अभ्यासाला जी धार आली, तिचे काही श्रेय या हरलेल्या माणसाला दिले पाहिजे. आमच्या वाङ्मयेतिहासांत ते हात राखून दिले जाते.

युरोपातही असेच एक प्रकरण झाले. अँटवर्पचे जेझुइट पंडित पापेब्रोख यांनी १६७५ मध्ये सेंट डेनिसच्या मठातील जुन्या सनदा बनावट असल्याचा संशय जाहीर केला. बेनेडिक्टाइन पंथाचे माबियों यांनी सहा वर्षे खपून १६८१ मध्ये उत्तर दिले. सनदेची लिपी, शाई, शिक्का, मायना यांवरून खरीखोटी कशी ओळखावी याचे संपूर्ण शास्त्रच त्या ग्रंथाने उभे केले. पापेब्रोख यांनी माबियोंना पत्र लिहून आपली हार मोकळेपणाने कबूल केली. आमच्याकडील वादांत अशी पत्रे दुर्मिळ आहेत!

उलट बाजूही त्याच शतकात आणि त्याच जेझुइट पंथात सापडते. आर्दुआँ हे नाणकशास्त्राचे मोठे जाणकार. प्लिनीच्या ग्रंथाची त्यांनी केलेली आवृत्ती विद्वत्तेचा नमुना समजली गेली. परंतु संशयाची गोडी त्यांना अशी लागली की, होमर, हिरोडोटस, सिसेरो असे मोजके अपवाद सोडून ग्रीक-लॅटिनांचे बहुतेक अभिजात वाङ्मय मध्ययुगीन भिक्षूंनी रचलेले बनावट आहे, असे ते प्रतिपादू लागले. सर्वच साक्षीदार खोटे ठरविले की, उरलेल्या काहींना खरे का मानावे, हे सांगण्यास साधन उरत नाही. पापेब्रोख यांचा संशय एका मठाच्या कागदांविषयी होता, म्हणून त्याचे उत्तर देता आले; आर्दुआँ यांचा सगळ्यांविषयी होता, म्हणून त्याचे उत्तरही नाही आणि फलही नाही.

आमच्याकडे संशयाचे दुखणे निराळे आहे. तो तालुक्याच्या हद्दीपाशी थांबतो. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांचे उदाहरण घ्या. शके १११० (इ. स. ११८८) हा ग्रंथाचा काळ धरला तर तो ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा ठरतो, पण त्याची भाषा ज्ञानेश्वरीहून नवी दिसते, ही अडचण सर्वांस दिसते. ग्रंथातील जैतपाळ कोण, यादवांचा जैतुगी की खेरळ्याचा राजा, यावर मतभेद आहेत. मुकुंदराजांची समाधी अंबेजोगाईस दाखवितात. तर वैनगंगेच्या काठचे अंभोरे हेच ग्रंथाचे स्थळ, असे विदर्भातील अभ्यासक म्हणतात. हे सर्व प्रश्न खरे आहेत. परंतु मराठवाड्यातील लेखकास अंभोऱ्याविषयी जितक्या शंका सुचतात तितक्या अंबेजोगाईविषयी सुचत नाहीत, आणि नागपूरकडे नेमके उलट घडते, याचा काय अर्थ करावा? एकाच दिशेने वाहणारा संशय हा संशय नसून वकीलपत्र होय.

राजवाड्यांचे उदाहरण याहून दुःखद आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्याइतका निर्भय संशयी महाराष्ट्रात विरळा. बखरींवर विश्वासून चालत आलेला मराठ्यांचा इतिहास त्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीस लावला. त्यासाठी उन्हातान्हात पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उपसली. बीडकडे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व आहे, हे त्यांचे मत. तिच्या आधाराने त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. नाथांच्या संहितेपलीकडे पाहण्याची ही केवढी संधी! परंतु ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या दृष्टीस पडली नाही. १९६० मध्ये मुंबई सरकारने राजवाडे-संहितेवर आधारलेली आवृत्ती काढली, तेव्हाही आधार छापील पुस्तकाचाच घ्यावा लागला. राजवाड्यांनी वाचले ते बरोबर की चूक, हे पाहण्यास अक्षर उरले नाही. ज्याने साऱ्यांच्या साक्षी तपासल्या त्याची साक्ष मात्र विश्वासावर घ्यावी लागते.

याच्या शेजारी पुण्याच्या भांडारकर संस्थेचे महाभारत ठेवून पाहावे. १९१९ मध्ये आरंभिलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून जो पाठ संपादकांना संमत वाटला तो त्यांनी वर छापला, आणि जो नाकारला तोही पानाच्या तळाशी, कोणत्या प्रतीत आहे त्या खुणेसह, छापला. सुकथनकरांचा निर्णय ज्यास पटत नाही त्यास त्यांच्याच पानावरून त्यांच्याशी भांडता येते. मराठीत अ. का. प्रियोळकरांनी रघुनाथ पंडितांच्या ‘दमयंती-स्वयंवरा’साठी १९३५ मध्ये ही वाट धरली. त्या वाटेवर गर्दी झाली नाही.

हैदराबादकरांना या बाबतीत एक नाव अभिमानाने घेता येईल. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या सेवेत होते. फारसी त्यांना उत्तम अवगत. भीमसेन सक्सेना या मोगलांच्या पदरच्या माणसाचा वृत्तान्त त्यांनी मराठीत आणला तो आमच्या बखरींचा पाडाव करण्यासाठी नव्हे. दोन्ही पक्षांच्या साक्षी मराठी वाचकासमोर असाव्या म्हणून. तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शहाजहान व औरंगजेब यांच्या दख्खनच्या कारभाराची हजारो फारसी कागदपत्रे आहेत. फारसी जाणणारा मराठी तरुण मात्र आता या शहरात शोधावा लागतो.

राहिला प्रश्न वर्गाचा. ‘मराठीचा आद्यग्रंथ कोणता? एका वाक्यात उत्तर लिहा,’ हा प्रश्न आम्ही आमच्या शाळेच्या परीक्षेतून काही वर्षांपूर्वी काढला. त्याऐवजी ‘विवेकसिंधु हा आद्यग्रंथ मानण्यास आधार कोणते व आक्षेप कोणते?’ असे विचारू लागलो. पालकांची कुरकुर झाली. मुलांचे गुण पहिल्या वर्षी उतरले, हेही खरे. एका मुलाने आधार व आक्षेप लिहून खाली एवढेच जोडले होते की, शके १११० सांगणारी ओवी कोणत्या पोथीत आहे व ती पोथी केव्हाची आहे, हे आमच्या पुस्तकात दिलेले नाही. शिक्षकांनी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढून उत्तरपत्रिका आमच्याकडे पाठविली. गुण द्यावे की कापावे, असे त्यांनी समासात विचारले होते. आम्ही पूर्ण गुण दिले, आणि पुस्तकाच्या संपादकांकडे तोच प्रश्न लिहून पाठविला आहे.