टूर द फ्रान्स आणि रस्त्याकडेचा प्रेक्षक

टूर द फ्रान्स पाहायला तिकीट लागत नाही. दर जुलैमध्ये तीन आठवडे फ्रान्सचे रस्ते, गावे आणि घाट हेच या सायकल शर्यतीचे मैदान असते. आल्प्स किंवा पिरेनीजच्या घाटांत लोक आदल्या दिवशीच तंबू ठोकतात, डांबरावर आवडत्या सायकलपटूचे नाव रंगवतात आणि तासन्‌तास वाट पाहून जेमतेम काही मिनिटे शर्यत बघतात. चढावर वेग मंदावलेला सायकलपटू हातभर अंतरावरून जातो आणि त्याची दमछाक लपत नाही. या जवळिकीमुळे टूरच्या प्रेक्षकाने सायकलपटूला विजयांपेक्षा कष्टांवरून जोखले. नियम बदलले, उत्तेजकांची प्रकरणे बाहेर आली, तेव्हा त्याचा रागलोभही बराचसा याच मापाने ठरत गेला.

शर्यत सुरू झाली ती वर्तमानपत्राचा खप वाढवण्यासाठी. पॅरिसच्या ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक आंरी देग्रांज याने १९०३ साली ती भरवली. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर होते. ६० जण निघाले, २१ जणांनी शर्यत पुरी केली आणि मोरिस गारँ जिंकला. अंकाचा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला. दुसऱ्याच वर्षी या लोकप्रियतेची दुसरी बाजू दिसली. सेंत-एतियेनजवळच्या चढावर स्थानिक स्पर्धक आल्फ्रेड फोर याच्या चाहत्यांनी रात्रीच्या अंधारात इतरांना झोडपले. जमाव पांगवण्यासाठी पिस्तुलाचे बार काढावे लागले. काही स्पर्धकांनी वाटेत चक्क आगगाडी पकडल्याचेही आरोप झाले. चार महिन्यांनी गारँसह पहिले चौघे बाद ठरले आणि १९ वर्षांच्या आंरी कोर्नेला विजेता घोषित करण्यात आले. लोकांच्या आंधळ्या प्रेमानेच टूरचा जीव घेतला, अशा आशयाचे देग्रांजने लिहिले; पण पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा भरली.

देग्रांजच्या नियमांचा गाभा असा, की स्पर्धकाने कोणाचीही मदत घ्यायची नाही. सायकल मोडली तर दुरुस्तीही स्वतःच करायची. १९१३ मध्ये तुर्माले घाट उतरताना अजेन क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचे चाक धरणारा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत सेंत-मारी-द-कांपां गावातल्या लोहाराकडे पोहोचला. लोखंड तापवणे, ठोकणे, जोडणे ही कामे त्याने स्वतः केली आणि अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात गुंतले म्हणून एका मुलाला त्याने भाता हलवायला सांगितले, एवढ्यावरून दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढे कमी करण्यात आला. क्रिस्तॉफ टूर कधीच जिंकला नाही, पण १९१९ मध्ये आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी पहिल्यांदा त्याच्याच अंगावर चढली आणि त्या गावात आजही त्याचे स्मारक आहे.

या कष्टांना औषधांचा आधार आहे हे वाचकांना फार लवकर कळले होते. १९२४ मध्ये गतविजेता आंरी पेलिसिए जर्सीविषयीच्या एका किरकोळ नियमावरून भांडला आणि भावासह शर्यत सोडून कुतांस गावातल्या कॅफेत जाऊन बसला. तिथे गाठलेल्या आल्बेर लाँद्र या पत्रकाराला दोघा भावांनी डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वेगवेगळ्या गोळ्या काढून दाखवल्या. बातमी गाजली, पण तिच्यावरून स्पर्धकांची छी-थू झाली नाही. माणसाला इतके राबवणाऱ्या शर्यतीवरच टीका झाली. तेव्हा उत्तेजक म्हणजे फसवणूक नव्हती, कष्ट सोसण्याचा उपाय होता.

पुढच्या दशकात नियम सैल झाले. कंपन्यांचे संघ आपसांत संगनमत करतात म्हणून १९३० पासून राष्ट्रीय संघ आले. त्यांचा खर्च भागवण्यासाठी शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा निघू लागला आणि फुकट टोप्या, खाऊ झेलणे हा सहलीचा भाग झाला. १९३७ पासून चालत्या सायकलवर गिअर बदलण्याची मुभा मिळाली. संघ राष्ट्रीय झाल्याने चाहत्यांचे वैरही राष्ट्रीय झाले. त्याच वर्षी फ्रेंच प्रेक्षकांचा त्रास आणि पंचांचे निर्णय यांना वैतागून बेल्जियमचा संघ शर्यत सोडून गेला. १९६२ मध्ये पुरस्कर्त्या कंपन्यांचे संघ परत आले आणि १९६७-६८ चा अपवाद वगळता तीच पद्धत टिकली.

दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचत असताना रेमाँ पुलिदोर आणि जाक आंकतील यांच्या स्पर्धेने फ्रान्स दोन तटांत विभागला. आंकतीलने टूर पाच वेळा जिंकली. शेतकरी घरातला पुलिदोर तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला. पिवळी जर्सी त्याला एकदाही मिळाली नाही. १९६४ मध्ये प्युई द दोमच्या चढावर दोघे खांद्याला खांदा घासत चालले होते. अखेर टूर आंकतीलने ५५ सेकंदांनी जिंकली, पण लोकांचे प्रेम पुलिदोरला मिळाले. ‘पुपु’ हे त्याचे लाडाचे नाव २०१९ मध्ये त्याच्या निधनापर्यंत रस्त्याकडेला ऐकू येत राहिले.

फ्रान्सने १९६५ मध्ये खेळातील उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दोच्या हॉटेलांत अचानक तपासणी झाली. पहिला नमुना पुलिदोरचाच घेतला गेला. दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी निषेध म्हणून काही अंतर सायकली हातात धरून पायी कापले. पुढच्या वर्षी, १३ जुलै १९६७ ला, माँ व्हाँतूच्या उघड्या, तापलेल्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवले गेले. तो पुन्हा पडला आणि मरण पावला. शरीरात अ‍ॅम्फेटामाइन आणि मद्य सापडले. शिखराच्या थोडे खाली ब्रिटिश सायकलप्रेमींच्या वर्गणीतून त्याचे स्मारक उभे राहिले. घाट चढून येणारे हौशी सायकलस्वार तिथे पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवून जातात. उत्तेजक घेतले हे ठाऊक असूनही ते त्याला दोषी मानण्यापेक्षा शर्यतीचा बळी मानतात.

नव्वदच्या दशकातल्या ईपीओ या औषधाने हे जुने गणित मोडले. अ‍ॅम्फेटामाइन थकव्याची जाणीव बोथट करते, तर ईपीओ रक्तातल्या लाल पेशी वाढवून स्नायूंना जास्त प्राणवायू पुरवते. ओळखण्याची चाचणी नव्हती, म्हणून जागतिक सायकल संघटनेने १९९७ मध्ये रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ८ जुलै १९९८ ला, शर्यत सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, फेस्तिना संघाच्या मालिशवाल्याची गाडी बेल्जियमच्या सीमेवर अडवली गेली आणि तीत ईपीओसह औषधांचा मोठा साठा निघाला. संघ बाद झाला, पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, सायकलपटू रस्त्यात बसून राहिले. १८९ पैकी ९६ जणच पॅरिसला पोहोचले. त्याच संघाचा रिशार व्हिराँक हा घाटांचा राजा दोन वर्षे सगळे नाकारत राहिला. दूरचित्रवाणीवरच्या बाहुल्यांच्या विनोदी कार्यक्रमाने त्याच्या तोंडी घातलेले, ‘स्वेच्छेने पण नकळत’ अशा अर्थाचे वाक्य रोजच्या फ्रेंचमध्ये रुळले. २००० मध्ये त्याने न्यायालयात कबुली दिली. बंदी भोगून परतल्यावर त्याच घाटांत त्याचा पुन्हा जयघोष झाला.

लान्स आर्मस्ट्राँगच्या वाट्याला तसे काही आले नाही. कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर जिंकलेल्या या अमेरिकनाच्या नावाशी जोडलेले पिवळे रबरी कडे जगभर कोट्यवधी मनगटांवर होते. २०१२ मध्ये उत्तेजकांवरून सातही विजय रद्द झाले आणि त्या वर्षांच्या विजेत्याची जागा कोरीच ठेवली गेली. त्याने वर्षानुवर्षे आरोप फेटाळलेच, शिवाय आरोप करणाऱ्यांना कोर्टात खेचले होते. लोकांचा राग उत्तेजकांइतकाच या वागण्यावर होता. जर्मनीत तर प्रेक्षकच दूर गेला. यान उलरिखच्या १९९७ मधील विजयाने तिथे सायकलिंगची लाट आली होती. २००७ मध्ये एक जर्मन सायकलपटू उत्तेजक चाचणीत दोषी आढळताच दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांनी प्रक्षेपण मध्येच थांबवले. मधल्या काळात ते सुरू झाले, पुन्हा बंद पडले आणि अखेर २०१५ मध्ये परतले.

२००८ पासून सायकलपटूंच्या रक्तातील घटकांची दीर्घकालीन नोंद, म्हणजे जैविक पारपत्र, ठेवले जाऊ लागले. त्याने फसवणूक अवघड झाली, पण संशय विरला नाही. २०१५ मध्ये पिवळ्या जर्सीतल्या ख्रिस फ्रूमच्या अंगावर एका प्रेक्षकाने लघवी फेकली. पुढच्याच वर्षी व्हाँतूवर गर्दीमुळे मोटरसायकलशी टक्कर होऊन त्याची सायकल मोडली आणि तो पायीच धावत सुटला, तेव्हा ते दृश्य लोकांनी डोक्यावर घेतले. २०१६ मध्येच बेल्जियममधील एका जागतिक स्पर्धेत सायकलच्या नळीत लपवलेली मोटर सापडली. आता रक्ताबरोबर सायकलचीही तपासणी होते.

नियमांवरचे वादही याच जवळिकीभोवती फिरतात. २००३ मध्ये सायकलपटू आंद्रेई किव्हिलेव्हच्या शर्यतीतील अपघाती मृत्यूनंतर हेल्मेट सक्तीचे झाले. सुरक्षिततेचे कारण उघड होते, तरी उघडे डोके आणि वाऱ्यावरचे केस आता दिसत नाहीत अशी हळहळ जुन्या चाहत्यांत राहिली. संघव्यवस्थापकाशी बोलण्याच्या रेडिओमुळे धाडसी चढाया संपल्या, अशीही तक्रार होती. २००९ च्या टूरमध्ये एका टप्प्यात रेडिओ काढून पाहिले, तर सायकलपटूंनी दिवसभर मुद्दाम संथ चालवून निषेध केला. २०२१ मध्ये कचऱ्याचे कारण देऊन रिकामी बाटली ठरावीक जागेबाहेर टाकण्यास बंदी आली. टूर ऑफ फ्लँडर्स या शर्यतीत सायकलपटू मिखाएल शेर याने प्रेक्षकांच्या दिशेने बाटली टाकली आणि तो बाद झाला. लहानपणी टूर पाहताना आपल्याला अशीच एक बाटली मिळाली आणि त्यातूनच सायकलपटू व्हायची ओढ लागली, असे त्याने खुल्या पत्रात लिहिले. चाहते आणि सायकलपटू दोघेही बोलू लागल्यावर काही दिवसांतच संघटनेने शिक्षा सौम्य केली.